नेमाचं गणित दारूच्या मात्रेत

लातूरहून औशाला जायला फार वेळ लागत नाही. गावाला लागूनच किल्ला आहे: भुईकोट, दुहेरी तटबंदी, खंदक आणि बुरुजांवर पडून राहिलेल्या तोफा. येणारा माणूस तोफेची लांबी पावलांनी मोजतो, नळीच्या तोंडात हात घालून पाहतो आणि फोटो काढून पुढे जातो. तोफ केवढी होती हे त्याला कळतं. तिच्यात दारू किती भरत, कोणती भरत आणि ते ठरवायचं कोणी, हे सहसा कोणी विचारत नाही. तोफेचं, बंदुकीचं किंवा रायफलीचं सगळं कर्तृत्व मात्र याच प्रश्नांच्या उत्तरावर उभं असतं. दारू कमी पडली तर गोळा वाटेतच पडतो, जास्त झाली तर नळी फुटून गोलंदाजच जातो. दर वेळी मात्रा वेगळी पडली तर गोळा कुठे पडेल ते कोणालाच सांगता येत नाही.

अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी याच मुलखात या प्रश्नाची मोठी परीक्षा झाली. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीर-औसा परिसरात सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाच्या सैन्याला गाठून नमवलं. पेशव्यांना त्यानंतरच्या तहात सुमारे साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड यांसारखे किल्ले मिळाले. या मोहिमेत मराठ्यांच्या तोफखान्याची आणि गारदी पायदळाची सूत्रं इब्राहिमखान गारद्याकडे होती. तो फ्रेंच सेनानी बुसीच्या पद्धतीत तयार झालेला आणि आधी निजामाच्याच चाकरीत असलेला माणूस. युरोपीय कवायतीच्या पायदळात गोळी आणि मोजलेली दारू एकाच कागदी पुडीत बांधलेली असे. शिपाई ती पुडी दातांनी फोडून बंदुकीत रिकामी करी. लढाईच्या धांदलीत दारू मोजत बसायला नको आणि शंभर शिपायांचे शंभर बार सारखे उडावेत, हा त्यामागचा विचार. आज प्रिसिजन रायफलीचा नेमबाज तराजूवर दारूचा एकेक कण तोलतो, त्याचा हेतूही हाच असतो: प्रत्येक गोळीमागे तेवढीच दारू आणि तेवढाच जोर.

दारूची निगा

जुनी काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. या तिघांचं प्रमाण देशोदेशी थोडं बदलत असे, पण युरोपात ते शेवटी पाऊणभर सोरा आणि उरलेल्यात कोळसा व गंधक असं स्थिरावलं. दारूचा गुण प्रमाणाइतकाच दाण्यावरही ठरे. पिठासारखी बारीक दारू दाबली गेली की एकसारखी पेट घेत नाही. ओली करून, वड्या करून, फोडून, चाळून तिचे दाणे केले की दाण्यांमधल्या फटींतून आग धावते आणि दारू भराभर पेटते. मोठ्या तोफेला जाड दाणा, बंदुकीला बारीक आणि कानावर टाकायला त्याहून बारीक, अशी विभागणी यातूनच झाली. हत्यार पाहून दारू निवडण्याची रीत इतकी जुनी आहे.

दारू जपण्याबद्दल मराठीतलं सर्वांत ठाशीव मार्गदर्शन रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सापडतं. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, त्याला ओल लागू नये, ठरावीक दिवसांनी हवालदाराने स्वतः जाऊन दारू बाहेर काढावी, तिला ऊन द्यावं आणि मोहोर करून पुन्हा ठेवावी, अशी तिथली शिस्त आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या या सूचनांमध्ये आजच्या काडतूस-भरणीचे दोन मूळ नियम आले आहेत. दारूची अवस्था सदैव सारखी असावी आणि तिची जबाबदारी नावानिशी एका माणसाकडे असावी.

ठासणीची बंदूक

नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात आणि लातूरच्या माळरानावर रानडुक्कर आणि रोही पिकाची नासाडी करतात, तेव्हा शेतकऱ्याला आठवते ती ठासणीची बंदूक. नळीत दारू ओतायची, वर बोळा बसवायचा, गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा आणि शेवटी टोपी. १९५९च्या शस्त्र कायद्यातल्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. शेतकऱ्याची ही गरज कायद्याने ओळखलेली आहे. पण परवाना बंदुकीचा असतो, वन्यप्राणी मारण्याचा नव्हे. त्यासाठी वन खात्याची वेगळी परवानगी लागते.

ठासणीच्या बंदुकीचा एक धोका गावोगाव सांगितला गेला पाहिजे. ती काळ्या दारूसाठी घडवलेली असते. काळी दारू मापाने थोडी इकडेतिकडे झाली तरी तिचा दाब एका मर्यादेत राहतो. आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू तशी क्षमाशील नाही. तेवढ्याच वजनात ती कितीतरी जास्त ऊर्जा देते आणि बंद जागेत दाब चढू लागला की आणखी वेगाने जळते. एखादं काडतूस फोडून त्यातली दारू काळ्या दारूच्या मापाने ठासणीत घातली, तर नळी फाटून डोळा, बोटं किंवा जीव जाऊ शकतो. दोन्ही पदार्थांना आपण दारूच म्हणतो, पण एकाचं माप दुसऱ्याला कधीही लावायचं नाही.

बिनधुराच्या दारूचा जन्म

१८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू सिद्ध केली आणि दोन वर्षांत फ्रेंच सैन्याची लेबेल रायफल तिच्यावर चालू लागली. १८८७मध्ये आल्फ्रेड नोबेलने नायट्रोग्लिसरीन मिसळलेली बॅलिस्टाइट आणली. १८८९मध्ये ब्रिटनमध्ये एबल आणि ड्यूअर यांनी कॉर्डाइट तयार केली. भारतात निलगिरीतल्या अरुवनकाडूला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्डाइटचा कारखाना उभा राहिला. महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळा कारखाना त्याआधीच, १८६९ पासून चालू होता. पुढे १९६४ साली भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आणि भुसावळजवळ वरणगावला आयुध निर्माणी सुरू झाल्या. भंडाऱ्यात प्रणोदक, म्हणजे गोळी-गोळा ढकलणारी दारू तयार होते आणि वरणगावात लहान शस्त्रांची काडतुसं.

या नव्या दारूत जळण्याचा वेग कारखान्यात ठरवता येऊ लागला. दारूचा दाणा पृष्ठभागावरून आत आत जळत जातो, त्यामुळे दाण्याचा आकार आणि त्यावरचा लेप बदलला की वेग बदलतो. चपट्या पातळ चकत्या झटकन जळतात. बारीक नळीसारख्या दाण्याला मधोमध भोक असतं. तो बाहेरून झिजतो तसं आतलं भोक मोठं होतं, म्हणून जळणारा पृष्ठभाग जवळजवळ सारखाच राहतो आणि दाब एकदम न उसळता गोळीला नळीभर ढकलत राहतो. गोल दाण्यांची दारू मापायला सोपी आणि काडतुसाच्या पितळी पुंगळीत दाट बसते, पण तिच्या वेगाचं नियंत्रण मुख्यतः लेपावर असतं. चुलीत तुराट्या घातल्या की भसकन जाळ होऊन विझतो आणि बाभळीचा ओंडका घातला की आधण येईपर्यंत आच टिकते. स्वयंपाक पाहून सरपण निवडावं लागतं.

पिस्तुलाची नळी वीतभर आणि गोळी हलकी, तिथे तुराटीसारखी चपळ दारू लागते. रायफलीची नळी लांब आणि गोळी जड, तिला संथ दारू. पुंगळी जितकी मोठी, नळीचं भोक जितकं लहान आणि गोळी जितकी जड, तितकी दारू संथ हवी. पिस्तुलाची चपळ दारू रायफलीच्या पुंगळीत तेवढ्याच वजनाने भरली, तर गोळी जागची हलायच्या आतच दाब शिखराला जातो. .३०८ विंचेस्टर या जगभर वापरल्या जाणाऱ्या रायफल-काडतुसासाठी युरोपीय मानकाने कमाल दाब ४१५० बार ठरवला आहे, म्हणजे हवेच्या दाबाच्या चार हजारपटींहून अधिक. हा दाब नेमबाजाच्या गालापासून काही इंचांवर, पोलादाच्या एका डबीत कोंडलेला असतो.

निवड आणि सुरुवातीची मात्रा

जिथे कायद्याने परवानगी आहे अशा देशांत अनेक नेमबाज स्वतःची काडतुसं भरतात. ३०० मीटरच्या रायफल स्पर्धांचं युरोपात मोठं आकर्षण आहे. ऑलिंपिकमधून हा प्रकार १९७२ नंतर गेला असला तरी जागतिक स्पर्धांत तो टिकला. २००५ साली लापुआ कंपनीने ६.५ × ४७ हे काडतूस मुख्यतः याच अंतराचा विचार करून आणलं. हातभरणी करणाऱ्याचा विचार पुढच्या क्रमाने चालतो.

आधी गोळी निवडायची, मग तिच्यासाठी दारू. रायफलीच्या नळीतल्या आट्यांचा पीळ किती लांबीत एक फेरा घेतो, त्यावर कोणत्या वजनाची गोळी नीट फिरत जाईल ते ठरतं. गोळी ठरली की दारूच्या कंपन्यांनी प्रसिद्ध केलेली कोष्टकं उघडायची. प्रत्येक कोष्टकात पुंगळी, गोळी, टोपी, दारू आणि नळीची लांबी नमूद असते. त्यासमोर दोन आकडे असतात: सुरुवातीची मात्रा आणि कमाल मात्रा. हे आकडे प्रयोगशाळेत दाबमापक लावलेल्या नळीतून आलेले असतात. घरच्या माणसाला दाब दिसत नाही, ऐकू येत नाही, मोजता येत नाही. म्हणून कोष्टक हाच त्याचा एकमेव डोळा आहे.

कोष्टकातल्या चार-पाच दारूंपैकी कोणती घ्यावी? अनुभवी नेमबाज तीन गोष्टी पाहतो. पुंगळी बऱ्यापैकी भरेल अशी दारू हवी. अर्धी रिकामी पुंगळी असेल तर बंदूक वर-खाली झाल्यावर दारू मागे-पुढे सरकते आणि टोपीची आग दर वेळी वेगळी लागते. पुंगळी भरलेली असली की चुकून दोनदा दारू पडली तर ती ओसंडून वाहते आणि चूक तिथेच लक्षात येते. दुसरी गोष्ट, दारू उष्णतेला फार संवेदनशील नसावी. तिसरी, ती पुढच्या वर्षीही मिळत राहावी. वेगापेक्षा हे तीन गुण मोलाचे. दहा मीटर प्रति सेकंद जादा वेगाने लक्ष्यावरच्या कागदाला काही फरक पडत नाही, वेगातल्या चढउताराने मात्र पडतो.

मग सुरुवातीची मात्रा. ती कमाल मात्रेच्या साधारण दहा टक्के खाली असते. कारण दोन रायफली कधीच सारख्या नसतात. एकीची काडतूस बसण्याची कोठडी किंचित घट्ट, दुसरीची नळी किंचित तंग, एका कंपनीच्या पुंगळीचं पितळ जाड म्हणून आतली जागा कमी. प्रयोगशाळेत सुरक्षित ठरलेली कमाल मात्रा आपल्या रायफलीत मर्यादा ओलांडू शकते. खालून सुरुवात केली की आपली रायफल कुठे आहे ते हळूहळू उमगतं. दारू मोजायचं एकक ग्रेन, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आणि चांगला तराजू त्याचाही दहावा भाग दाखवतो. मात्रा लहान लहान पायऱ्यांनी वाढवायची आणि प्रत्येक पायरीवर थांबून पाहायचं. टोपी चपटी झाली का, पुंगळीच्या बुडावर चकचकीत डाग उमटला का, बोल्ट उचलायला जड जातोय का. असं काही दिसलं की थांबायचं आणि खाली यायचं. अशा खुणा उशिरा दिसतात आणि कधी दिसतही नाहीत, म्हणून खूण नाही याचा अर्थ दाब नाही असा कधीच घ्यायचा नाही. शिखराजवळ दारूची थोडीशी वाढही दाबात बेहिशेबी वाढ करते.

'कमी तितकं सुरक्षित' हा समजही इथे चालत नाही. मोठ्या पुंगळीत संथ दारू कोष्टकाच्या किमान आकड्याच्याही बरीच खाली भरली, तर ती अडखळत पेटते आणि दाब अनपेक्षितपणे उसळून रायफल फुटल्याच्या घटना जगात नोंदल्या गेल्या आहेत. तळाची मर्यादाही वरच्या मर्यादेइतकीच पाळायची असते. तसंच, कोष्टकातली एक जरी वस्तू बदलली, टोपी दुसऱ्या कंपनीची, गोळी दुसऱ्या घडणीची किंवा त्याच दारूचा नवा लॉट, तरी पुन्हा खालून सुरुवात करायची.

मात्रा चढवताना शोध सर्वाधिक वेगाचा नसतो. क्रोनोग्राफवर प्रत्येक गोळीचा वेग मोजला जातो आणि एका मात्रेच्या गोळ्यांमधला फरक सर्वांत कमी कुठे येतो ते पाहिलं जातं. कागदावर छिद्रं सर्वांत जवळ कुठे पडतात तेही पाहतात. ही जागा बहुतेक वेळा कमाल मात्रेच्या खालीच सापडते. चांगला नेमबाज तिथे थांबतो, कारण थोडा उन्हाळा, थोडी धूळ, थोडी नवी पुंगळी यांना सामावून घेणारी मोकळीक त्याला हवी असते.

दारू बदलल्याचा धडा

दारूची निवड कागदावर केवढी क्षुल्लक दिसते आणि मैदानावर केवढी भारी पडते, याचा विसाव्या शतकातला सर्वांत ठळक दाखला अमेरिकेच्या एम-१६ रायफलीचा. ती रायफल नळीसारख्या दाण्यांची दारू गृहीत धरून घडवली होती. १९६४ साली सैन्याने काडतुसांत गोल दाण्यांची दारू स्वीकारली. गोळीचा वेग ठरल्याप्रमाणे मिळत होता, म्हणून बदल निरुपद्रवी वाटला. पण नव्या दारूमुळे रायफलीच्या यंत्रणेत अधिक काजळी साचू लागली आणि गोळीबाराचा वेग वाढून सुट्या भागांवर ताण आला. व्हिएतनामच्या दमट रानात ऐन चकमकीत रायफली अडकल्या आणि जवान हातात बंद पडलेलं हत्यार घेऊन मारले गेले. अमेरिकन काँग्रेसच्या समितीने चौकशी केली, दोष मांडले आणि रायफल, दारू व साफसफाई या तिन्ही बाबतींत सुधारणा झाल्या.

मराठवाड्याचा उन्हाळा

मे महिन्यात गोदाकाठच्या नांदेडचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो. बालाघाटच्या पठारावरचं लातूर त्या मानाने थोडं थंड, आणि डिसेंबरच्या पहाटे दोन्हीकडे चांगलीच थंडी पडते. एकाच वर्षात दारूला जवळजवळ तीस अंशांचा फेरफार सोसावा लागतो. गरम दारू जास्त दाब आणि वेग देते. थंडीत बेताची वाटणारी मात्रा उन्हात धोक्याच्या रेषेपार जाऊ शकते, आणि नेमबाजाचा नेम तर दोन्ही ऋतूंत वेगळा लागतोच. बंद गाडीत किंवा पत्र्याखाली पडून राहिलेली काडतुसं हवेच्या तापमानापेक्षाही गरम होतात. गोळीबारानंतर तापलेल्या कोठडीत एखादं काडतूस उगाच मिनिटभर बसवून ठेवलं, तर तेही तापतं. काटेकोर नेमबाज काडतुसं सावलीत ठेवतो, गरम नळीत बसवून वाट पाहत नाही आणि हवामानाची नोंद वहीत ठेवतो.

उष्णतेचा दुसरा परिणाम संथ आणि अधिक भयंकर आहे. नायट्रोसेल्युलोज आपोआप हळूहळू विघटित होतं, आणि तापमान वाढलं की वेगाने होतं. ते रोखण्यासाठी दारूत स्थिरक मिसळतात, पण तोही काळाने संपतो. फ्रेंच आरमाराची 'येना' ही युद्धनौका १९०७मध्ये तूलाँच्या गोदीत आणि 'लिबेर्ते' १९११मध्ये तूलाँच्याच बंदरात जुन्या, बिघडलेल्या दारूमुळे उडाली. दोन्ही मिळून शेकडो माणसं गेली. दारूला आंबूस वास येऊ लागला किंवा डब्यात तांबूस वाफ दिसली, तर ती वापरायची नाही, साठवायची नाही आणि परवानाधारक व्यवस्थेमार्फत तिची विल्हेवाट लावायची. आज्ञापत्रातला हवालदार आणि आजचा स्थिरक तपासणारा रसायनज्ञ एकाच कामावर नेमलेले आहेत.

ऑलिंपिकमधली दारू

महाराष्ट्राच्या मुलामुलींनी रायफलीत जे नाव कमावलं, ते बहुतांशी .२२च्या रायफलीवर आणि हवेच्या रायफलीवर. २०१०मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोनमध्ये ६००पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकलं आणि तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या नेमबाजीत, शातोरू इथे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. या प्रकारातलं ते भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. क्रीडा प्रबोधिनीतून आलेला हा मुलगा मध्य रेल्वेत नोकरी करत सराव करत होता आणि त्याच्या पाठीशी दीपाली देशपांडे यांचं प्रशिक्षण होतं. त्या स्वतः २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या नेमबाज.

.२२ काडतूस हातभरणीला चालत नाही. त्याचं पेटणारं मिश्रण पुंगळीच्या कडेत भरलेलं असतं आणि एकदा पिनने कडा चेपली की ती पुंगळी निकामी होते. मग हे नेमबाज दारू निवडतात कशी? ते लॉट निवडतात. कारखान्यात एका वेळेला भरलेल्या काडतुसांना एक लॉट क्रमांक असतो. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, पण वेगळ्या लॉटचा डबा एका रायफलीत एका छिद्रात गोळ्या घालतो आणि दुसरीत पसरवतो. बर्मिंगहॅमला एली कंपनीची आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआची चाचणी केंद्रं आहेत. तिथे नेमबाज आपली रायफल नेतो, ती शिकंज्यात पकडून एकामागून एक लॉट ५० मीटरवर झाडले जातात आणि जो लॉट त्या नळीला मानवतो तोच तो विकत घेतो. हातभरणी करणारा पायरीपायरीने जे शोधतो, तेच इथे डब्यामागून डबा तपासून शोधलं जातं.

यातला फरक किती बारीक असतो ते आकड्यांत पाहू. .२२च्या स्पर्धेतल्या गोळीचा वेग सेकंदाला साधारण ३२० मीटर धरला, तर ५० मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणाने ती सुमारे १२ सेंटीमीटर खाली येते. वेग १० मीटरने कमी झाला तर ती आणखी सात-आठ मिलिमीटर खाली पडते. ५० मीटरच्या लक्ष्यावर दोन वर्तुळांमधलं अंतर आठ मिलिमीटर असतं. म्हणजे दारूने दगा दिला तर नेमबाजाचा हात अचूक असूनही जवळजवळ एक गुण जातो. पॅरिसच्या त्या अंतिम फेरीत पंचेचाळीस गोळ्यांनंतर सुवर्ण आणि रौप्य यांच्यात फरक होता २.३ गुणांचा.

नांदेड-लातूरचा हिशेब

या दोन जिल्ह्यांत बंदुकीशी पहिली ओळख बहुतेकांना कॉलेजात, एनसीसीच्या .२२ रायफलीतून होते. त्याहून मोठी प्रशिक्षणाची ठिकाणंही इथेच आहेत: नांदेडजवळ मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण महाविद्यालय आणि लातूर जिल्ह्यात चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र. तिथे गोळी झाडणाऱ्या प्रत्येक जवानाच्या काडतुसाच्या पेटीवर लॉट क्रमांक असतो. त्या क्रमांकामागे कुणीतरी दारूचा वेग, दाब आणि उष्णतेतलं वागणं तपासून सही केलेली असते. त्या सहीची किंमतही आपण लक्षात ठेवली पाहिजे. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटात किमान आठ कामगार मृत्युमुखी पडले. दारूशी रोज काम करणारे, नियम जाणणारे लोक होते ते. घराच्या माळ्यावर किंवा शेतातल्या गोठ्यात दारूशी खेळणाऱ्याने हे विसरू नये.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान शिक्षा सात वर्षांची, कमाल जन्मठेपेची आहे. स्फोटकांचा परवाना देणाऱ्या संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. ज्याला दारू आणि मात्रेचं शास्त्र खरोखर शिकायचं आहे, त्याला पुण्यातल्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळा, राज्यातल्या आयुध निर्माणी आणि रसायनशास्त्र-यंत्रशास्त्राचं शिक्षण हे मार्ग खुले आहेत. नेमबाज व्हायचं असेल त्याने मान्यताप्राप्त रायफल क्लबात नाव घालावं, लॉटची नोंद ठेवायला शिकावं आणि गोळी कुठे गेली यासोबत ती का गेली हेही वहीत लिहावं.

राज्य शासनाकडे आणि नेमबाजी संघटनांकडे माझी एक मागणी आहे. जर्मनीला किंवा बर्मिंगहॅमला जाऊन लॉट तपासणं प्रत्येक मुलाला परवडणारं नाही. पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर रायफल शिकंज्यात बसवून लॉट तपासण्याची सोय सर्व जिल्ह्यांतल्या नेमबाजांसाठी खुली असावी, आणि जिल्हा क्रीडा संकुलांत नेमबाजीची सोय करताना काडतुसांच्या थंड, कोरड्या, कुलूपबंद साठवणीचा खर्च सुरुवातीपासून धरला जावा. रेंजची भिंत उभी राहते, लक्ष्याची यंत्रं येतात, पण काडतुसांचा दर्जा आणि साठवण यांकडे शेवटी पाहिलं जातं. नांदेड-लातूरच्या मुलांचा हात आणि डोळा कोल्हापूरच्या मुलांपेक्षा कमी नाही. त्यांच्या हाती पडणारी प्रत्येक गोळी मागच्या गोळीसारखीच उडेल, एवढी हमी त्यांना मिळाली पाहिजे.